माझी गाडी वऱ्हाडाची नाही

"ओ काका, वऱ्हाड खाली उतरवा आधी. गाडी रिकामीच चढवायची."

काल जेटीवरच्या त्या पोराने हे पुन्हा पुन्हा ऐकवलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुठलं वऱ्हाड? ही आमची कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर. आत आम्ही दोघं, सासूबाई आणि ओट्यावर अर्धी चिरलेली भेंडी. जेटी कुठली ते लिहीत नाही. परतीला त्याच फेरीबोटीने यायचंय आणि दोरी त्याच पोराच्या हातात असते.

आधी तिकिटावरून सुरुवात. कारचा दर वेगळा, टेम्पोचा वेगळा, बसचा त्याहून चढा. मी म्हटलं, बाबा रे, ही बस नाही, खासगी मोटर कॅराव्हॅन आहे, हे आरसी बघ. त्याने आरसीकडे ढुंकूनही बघितलं नाही. वाकला, मागची जोडचाकं बघितली, कंबर सरळ करत म्हणाला, "सहा टायर. बस." बरं, बस तर बस, घे पैसे. तर म्हणे माणशी तिकीट वेगळं, सीटा किती? म्हटलं चार. "एवढ्या बशीला चारच?" आणि खिडकीला नाक लावून आत डोकावला. सोफा दिसला, फ्रिज दिसला, मग अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असा ओरडला, "आयला, आत खोली हाय!" झालं. रांगेतली निम्मी माणसं आमच्या काचेशी. एकाने मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. सासूबाई गाऊनवर होत्या.

पण हे सगळं गिळलं मी. खरा प्रकार पुढे आहे.

पूर्ण ओहोटी होती. म्हणजे बोट खाली, धक्क्याचा उतार खाली जाणारा आणि त्यापुढे बोटीचा रॅम्प वर चढणारा. अशा खोबणीत लांब गाडी घातली की नाक वाचलं तरी शेपूट टेकतं. मागच्या चाकांनंतर आमची गाडी चांगली दोन मीटरच्या वर लोंबते. मी गळ्याच्या शिरा ताणून सांगतोय, "मागच्या चाकांखाली फळ्या लावा, फळ्या!" आणि ते पोर दोन्ही हातांनी "येऊ द्या, येऊ द्या" करतंय. फळ्या तिथेच, त्याच्या पायाशी पडलेल्या. एकीवर तो स्वतःच उभा!

करर्र. मग टक्. मग धो धो.

गाडीवर हे घर बांधून देणाऱ्या आमच्या बॉडीवाल्या महापुरुषाने सांडपाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह नेमका मागे आणि नेमका सगळ्यात खाली बसवलाय. मी तेव्हाच म्हटलं होतं, हा वर घे, नाहीतर निदान पुढे लोखंडी पट्टी तरी मार. "साहेब, आजवर कुणाची तक्रार नाय." कशी असेल? त्याच्या बाकीच्या गाड्या द्रुतगती मार्गावरून फार्महाऊसला जातात आणि तिथेच लॉनवर उभ्या असतात.

तर टाकी रिकामी झाली, अख्ख्या धक्क्यावर. भांड्यांचं पाणी हो ते! पोह्यांची कढई, चहाची गाळणी, साबण. संडासाची टाकी वेगळी, तिचा व्हॉल्व्ह वेगळा, त्याला ओरखडाही नाही. पण रांगेला हे कोण समजावणार? "संडास फुटला, संडास फुटला!" मासळीवाल्या बायकांनी टोपल्या उचलल्या. एक गृहस्थ तर नाकाला रुमाल लावून गोव्याच्या नंबरप्लेटीच्या कारमध्ये काचा वर करून बसले. आणि मी, साठीला टेकलेला माणूस, त्या ओघळात बोट बुडवून वास घेऊन दाखवतोय, "बघा, लिंबाचा वास येतोय, लिंबाचा!" त्या शूटिंगवाल्याने हेही घेतलं.

धुवायला बादली मागितली तर ते पोर म्हणे, "तुमच्या घरात नाय?"

म्हणजे पैसे घेताना बस, बादली देताना घर. हेच, हेच डोक्यात जातं. या गाडीला जो तो आपल्या सोयीने घर म्हणतो नाहीतर बस म्हणतो, आणि भुर्दंड प्रत्येक वेळी मला.

होमस्टेवाले घ्या. अंगणात गाडी लावतो, आमच्याच बेडवर झोपतो, एक वायर आणि एक नळ द्या, त्याचं काय ते घ्या. तर माणशी रूमचं भाडं, वर मोठ्या गाडीचं पार्किंग, वर लाइटचं वेगळं. "एसी लावू नका हां, आमचं मीटर उडतं." अरे, रूममध्ये तुझाच एसी लावला असता तेव्हा नसतं उडलं? पंधरा अँपिअरच्या त्या प्लगला रंगाचे तीन हात बसलेले, पिन आत जात नाही, गेली तर ठिणगी. मग मी आपला छतावरच्या सोलरवर आणि लिथियम बॅटऱ्यांवर. त्यांवर रात्रभर पंखा, फ्रिज, दिवे बिनधास्त चालतात. दीड टनाचा एसी रात्रभर नाही चालत. मे महिन्यात मालवणात बिनएसीचा पत्र्याचा डबा म्हणजे काय ते आतल्यालाच माहीत.

आणि टाकी कुठे रिकामी करायची म्हणे? राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं २०२१ साली. कॅराव्हॅन पार्क होणार, पाणी, वीज, सांडपाण्याची सोय, सगळं कागदावर वाचून मी पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. गुहागरपासून रेडीपर्यंत मला अजून नळाशेजारी सांडपाण्याची साधी जाळी दिसलेली नाही. संडासाची टाकी नातेवाइकांच्या सेप्टिक टाकीत रिकामी करतो. त्यामुळे आम्ही जातो तिथे आधी प्रेमाने विचारतात, "राहणार ना?" आणि दुसरा प्रश्न, "ती टाकी भरलीय का?" साडूने तर यंदा सेप्टिक टाकीच्या झाकणावर तुळशीवृंदावन बांधून घेतलं.

बॉडीवाल्याचा विषय निघालाच आहे तर निघू दे. गाडी निवडताना मी महिनोन्महिने डोकं फोडलं. इंजिन पुढे असलं की ड्रायव्हरच्या मांडीशी भट्टी आणि कानात घरघर, मागे असलं की बेड उंचावर. एअर सस्पेन्शन घेतलं की पाठ वाचते आणि खिसा जातो. बारा मीटरची गाडी घेऊ नका असं कोकणात कुणाला सांगावं लागत नाही, एकदा समोरून एसटी आली की कळतं. हे सगळं वहीत लिहून नेलं त्याच्याकडे. मरीन प्लाय, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, छताला दोन झरोके, प्रत्येक खिडकीला मच्छरदाणीची जाळी, वॉटरप्रूफ केबल. त्याने वही मिटली आणि विचारलं, "साहेब, एलईडी कुठल्या रंगाचे देऊ?"

निळे दिले. विचारलं कशाला मग? छताच्या कडेने अख्खी निळी पट्टी, रात्री बटण चुकलं की डान्सबार. पांढऱ्या लेदरचा सोफा दिला, श्रावणात त्यावर हिरवी बुरशी. प्लाय मरीन आहे म्हणाला, कुठल्या समुद्रातला देव जाणे. जुलैत ड्रॉवर फुगून उघडत नाही आणि मार्चमध्ये आंबोली घाटाच्या प्रत्येक वळणावर आपण होऊन उघडतो. एक पळी तर त्याने काचेबाहेर भिरकावलीय. खाऱ्या वाऱ्याने खालच्या चौकोनी पाइपांना गंज. दर पावसाळ्याआधी खाली झोपून मी स्वतः प्रायमर मारतो, कारण कुणी हात लावायला तयार नाही. गॅरेजवाला म्हणतो हे सुताराचं काम, सुतार म्हणतो गॅरेजला न्या.

आरटीओबद्दल लिहीत नाही. बीपी आहे मला. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ असं वेगळं मानक असतं, हे तिथल्या माणसाला मीच मोबाइलवर काढून दाखवलं. त्यावर तो म्हणाला, "असेल." मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मात्र त्याला तोंडपाठ! गाडीत बदल करायचा नाही, ते कलम.

मुंबई-गोवा हायवेवरही नाही लिहीत. चौपदरीकरण २०११ पासून चाललंय. कशेडीच्या बोगद्यातून गेलो की दोन मिनिटं बरं वाटतं, पुढच्या वळणरस्त्यावर कपाटातली ताटं बोलायला लागतात. म्हणून तर किनाऱ्याने जायचं मनावर घेतलं. किनाऱ्याने म्हणजे रेवस-रेडी सागरी महामार्ग, ज्याचे पूल होणार होणार हे मी अर्ध्या चड्डीत असल्यापासून ऐकतोय. तोवर खाडी आली की फेरीबोट, आणि फेरीबोटीवर ते पोर. वाड्यांमधून जाताना दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, वर फणसाच्या फांद्या आणि हाताला लागतील अशा लोंबत्या विजेच्या तारा. आमची ही हातात काठी घेऊन पुढे चालते, मी मागून गाडी हाकतो. दशावतारातला प्रवेश वाटतो लोकांना, पोरं शाळेतून सुटून बघायला येतात.

थांब्यावर हात दाखवणाऱ्यांचं तर काय सांगू. परवा कट्टा गावाजवळ सिग्नल पाहायला मोबाइल काढून जरा थांबलो, तर एक म्हातारी दार उघडून सरळ आत. कोकमाची पिशवी सोफ्यावर, स्वतः त्याच्या शेजारी. "मालवणाक जाता मां?" म्हटलं आजी, ही खासगी गाडी आहे. तिने फ्रिजकडे बघितलं, गॅसकडे बघितलं, मला म्हणाली, "मग तिकीट नको तर!" आणि पाय वर घेऊन बसली. हिने तिला चहा केला. बाजारात सोडलं. उतरताना सोलकढीपुरती आमसुलं देऊन गेली. रागावणार तरी कुणावर, त्या दिवशीचा सगळा राग मी बंपर पुसण्यात घालवला. माझं तसंच आहे. भांडायला म्हणून खाली उतरतो, हातात फडकं आपोआप येतं. ही म्हणते, समोरच्याला वाटतं क्लीनर चिडलाय.

व्हॉल्व्ह कोकणात मिळत नाही हे आज कळलं. बॉडीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "खाली बसवलाय होय तो? कुणी बसवला?"

फोन ठेवतो तोच मुंबईहून चुलतभावाचा. चतुर्थीला रेल्वेची तिकिटं मिळाली नाहीत, एसटी फुल्ल, तर दादा, तुझी बस आहेच ना. मी म्हटलं, अरे ती बस नाही, चार सीटांची गाडी आहे, घर आहे ते. तो म्हणाला, घर आहे तर उत्तमच, घरात काय सीटा मोजतात का? मी त्याला कायद्याचं सांगायला तोंड उघडलं, तोवर हिने मागून ओरडून विचारलं, माणसं किती आणि गणपतीचं मखर कुठे ठेवायचं.