पसरणी घाटातल्या त्या रात्रीबद्दल, टोइंगवाल्याकडून

ताई, नमस्कार. तुमचा एक स्टारचा अभिप्राय काल रात्री वाचला. आज सकाळी मी, ड्रायव्हर पोरगा आणि फोन घेणारा माझा पुतण्या, तिघांनी बसून तो पुन्हा वाचला. तुमचं म्हणणं असं, की वाई-पाचगणीच्या पसरणी घाटात तुमची राहण्यासाठी बदललेली ट्रॅव्हलर बंद पडली, रोडसाइड असिस्टन्सचा, म्हणजे रस्त्यात मदत मिळण्याचा, प्लॅन असूनही चार तास थांबावं लागलं, आमची पहिली गाडी हात न लावता परत गेली, दुसरीचे साडेसात हजार द्यावे लागले, आणि पोरानं ‘ही गाडी आमच्यात बसत नाही’ एवढं बोलून पाठ फिरवली. यातलं काहीही खोटं नाही. म्हणून आधी माझ्या चुका सांगतो.

सगळ्यात मोठी चूक तुम्ही लिहिलेलीच नाही. आमची छोटी गाडी नऊ वाजता वर आली आणि रिकामी खाली गेली. तिच्या केबिनमध्ये दोन माणसांची जागा होती. तुमचे आईवडील जानेवारीच्या थंडीत घाटात बसलेले होते, आणि खाली वाई काही किलोमीटरवर होती. पोरानं त्या दोघांना घेऊन एखाद्या हॉटेलात, उबेला सोडायला हवं होतं. त्याला ते सुचलं नाही, कारण मी त्याला तसं कधी शिकवलं नव्हतं. काकाकाकूंची मी हात जोडून माफी मागतो.

दुसरी चूक फोनवरची. प्लॅनवाल्या कंपनीकडून पावणेआठला मेसेज आला, त्यात फक्त ‘टोइंग, पसरणी घाट’ आणि गाडीचा नंबर. पुतण्यानं तुम्हाला फोन केला, लोकेशन घेतलं, पण गाडी कुठली हे विचारलं नाही. घाटात पर्यटकांच्या कारच बंद पडतात, ही त्याची समजूत. एक फोटो मागितला असता तर साताऱ्यातून थेट मोठी गाडी निघाली असती आणि दहाच्या आत पोचली असती. ती साडेअकराला पोचली. आमचा रात्रीचा जादा आकार दहानंतर लागतो, आणि दहा वाजले ते आमच्यामुळे. त्यामुळे साडेसात हजारांतले दीड हजार तुमचे आहेत, ते आज परत पाठवतो. छोट्या गाडीची फेरीही मी कंपनीकडे रद्द म्हणून नोंदवली आहे. बहुतेक प्लॅनमध्ये वर्षाला मोजक्याच वेळा सेवा मिळते, त्यातली एक तुमची विनाकारण कापली जायला नको.

आता जिथं पोरगा बरोबर होता, तेही सांगू द्या. बोलायची त्याची पद्धत चुकली, निर्णय नाही. तुमची ट्रॅव्हलर लांब बॉडीची, साधारण तेवीस फूट. आमच्या छोट्या फ्लॅटबेडचा, म्हणजे पाठीवर गाडी चढवून नेणाऱ्या गाडीचा, पाटा अठरा फुटांचा, आणि ती तीन टनांच्या पुढं उचलायची नाही असा आमचा नियम. तुमच्या गाडीत पलंग, ओटा, कपाटं, टपावर एसी, मागं लोखंडी शिडी आणि चॅसीखाली पाण्याची टाकी. नुसतं पाणीच दोनशे लिटर, म्हणजे दोनशे किलो. ती गाडी विंचनं, म्हणजे तारेच्या चरखीनं, कशीबशी वर ओढली असती तरी तिचा मागचा भाग पाट्याबाहेर लटकत राहिला असता, आणि वजन मागं गेलं की आमच्याच गाडीची पुढची चाकं हलकी पडतात. घाटाच्या वळणावर स्टिअरिंगला रस्ता लागत नाही म्हणजे काय होतं, ते मी पाहिलंय. पोरानं त्या रात्री ‘नाही’ म्हटलं, याचं मला समाधान आहे.

मोठी गाडी आल्यावर पाऊण तास काय चाललं होतं, असंही तुम्ही विचारलंय. क्लच प्लेट जळाली होती, तो वास तुम्हालाही येत होता. अशी गाडी पुढून उचलून टोचन करायची तर मागची चाकं रस्त्यावर फिरतात, आणि ट्रॅव्हलरला ओढ मागच्या चाकांचीच. चाकं फिरली की प्रोपेलर, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, फिरतो, प्रोपेलरबरोबर गिअरबॉक्सचं आतलं सामान फिरतं, पण इंजिन बंद असल्यानं ऑइल हवं तिथं पोचत नाही. साताऱ्यापर्यंत तसंच ओढलं असतं तर क्लचच्या खर्चावर गिअरबॉक्सचा खर्च चढला असता. म्हणून मिस्त्री टॉर्च तोंडात धरून खाली झोपला, जोडावर खडूनं खूण केली, म्हणजे परत बसवताना जिथल्या तिथं बसतो, आणि चार बोल्ट काढून प्रोपेलर तारेनं बांधून ठेवला. मग टाकीचं पाणी गटारात सोडलं. नाक उचललं की शेपूट खाली जातं. तुमची शिडी आणि टाकी वळणावर घासणार, हे दिसतच होतं. म्हणून पुढची चाकं जमिनीपासून चार बोटंच उचलली आणि पूर्ण घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. उतारावर मागची गाडी पुढच्या गाडीला ढकलत असते, तिथं घाई चालत नाही.

राहिला ‘फुकट टोइंग’चा प्रश्न. ताई, तुमचा राग मला समजतो, कारण प्लॅन विकताना कुणी हे सांगत नाही. गाडीच्या विम्यासोबत मिळणारे असे बहुतेक प्लॅन साध्या खासगी कारचा विचार करून केलेले असतात. टोइंग ठरलेल्या किलोमीटरपर्यंत, तेही जवळच्या वर्कशॉपपर्यंत. गाडी खड्ड्यातून किंवा ओढ्यातून बाहेर काढणं म्हणजे रिकव्हरी, ते टोइंगमध्ये धरत नाहीत. मोठी क्रेन लागली की फरकाची रक्कम गाडीमालकाकडून. आणि गाडीत कंपनीनं दिल्यापेक्षा वेगळा बदल केलेला असेल, तर बऱ्याच अटींमध्ये सेवा नाकारायची सोय ठेवलेली असते. हे सगळं बारीक अक्षरात असतं. आम्हाला कंपनीकडून मिळतात ते छोट्या गाडीच्या एका फेरीचे पैसे, आणि मोठ्या गाडीचं डिझेल, दोन माणसं, मिस्त्री यांचा हिशेब वेगळा होतो. पण हा आकडा गाडीला हात लावायच्या आधी तुम्हाला सांगायला हवा होता, घाट उतरल्यावर नाही. तिथंही तुम्ही बरोबर आहात.

तुमचे कागद हा तुमचा विषय, त्यावर मी इथं बोलणार नाही. पण हे वाचणाऱ्या बाकीच्या गाडीवाल्यांसाठी लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत, आरसीवर नोंद असलेल्या गोष्टींत परस्पर बदल करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलंय. आरटीओची परवानगी घेऊन बदल आरसीवर चढवा आणि विमा कंपनीलाही कळवा. रस्त्यात काही नुकसान झालं की पहिला प्रश्न आरसीचाच येतो.

थारवाले आमच्याकडे खूप येतात, कास पठाराला जाणारे जास्त. गाडी उंच करणारं लिफ्ट किट, तेहतीस इंची टायर, लोखंडी बंपर. मग आमचे चाकांचे पट्टे टायरवर पुरत नाहीत, बंपरमुळे मूळ टो हुक सापडत नाही. फोर बाय फोर गाडी दोन चाकं रस्त्यावर ठेवून ओढायची नसते, तिला फ्लॅटबेडच लागतो. एवढं फोनवर कळलं तर आम्ही लांब पट्टे घेऊनच निघतो.

पुणे-बेंगळुरू हायवेवर, खंबाटकी किंवा आनेवाडीच्या बाजूला बंद पडलात तर आधी १०३३ हा राष्ट्रीय महामार्गाचा मदतीचा नंबर लावा. ते गाडी लेनमधून हलवून सुरक्षित जागी लावतात. तिथून गॅरेजपर्यंतचं तुमचं तुम्हाला बघावं लागतं, पण मागून येणाऱ्या गाडीची ठोकर बसायचा धोका तरी टळतो.

आमच्याकडे आजपासून फोनवर चार गोष्टी विचारल्याशिवाय गाडी निघणार नाही: मॉडेल, बाजूनं काढलेला एक फोटो, गाडीत काय बसवलंय, आणि सोबत म्हातारं माणूस किंवा लहान मूल आहे का. पुतण्यानं ते कागदावर लिहून फोनशेजारी चिकटवलंय.

तुमच्या पाण्याच्या टाकीचं झाकण आणि काकूंची स्टीलची बाटली आमच्या मोठ्या गाडीच्या केबिनमध्ये राहिली आहे. गाडी गॅरेजमधून घ्यायला येणार असाल तर तिथं नेऊन ठेवतो, नाहीतर पत्ता फोनवर सांगा, आज दुपारच्या कुरिअरनं पाठवतो.