आधी सरळ उभ्या राहा

“मॅडम, आधी स्वतः सरळ उभ्या राहा, मग लोकांना सल्ले द्या.”

हे वाक्य गेल्या मंगळवारी संध्याकाळी एका मेडिकलच्या काउंटरसमोर माझ्या पाठीवर पडलं. पाठीवर म्हणते, कारण त्या वेळी माझ्या देहाचा सर्वांत उंच भाग तोच होता. खालच्या कप्प्यातून इडलीपात्र काढताना कंबरेत उसण भरली आणि मी काटकोनात घराबाहेर पडले. वाक्य ऐकून काउंटरवरचा मुलगाही हसला. बावीस वर्षं डी.फार्म.च्या वर्गाला औषधशास्त्र शिकवते मी. असले मुलगे मी दरवर्षी साठ-साठ पास करून सोडते. आणि हा हसला.

ज्या काकांनी ते वाक्य टाकलं त्यांचा चेहरा मी पाहिलेला नाही. मान वर करायची सोयच नव्हती. मी त्यांना गुडघ्यापासून खाली ओळखते: तपकिरी मोजे, वर सँडल, उजव्या अंगठ्याशी मोज्याला भोक, आणि मोज्याचं इलॅस्टिक सुजलेल्या घोट्यात चांगलं रुतलेलं. शेजारी सराफाच्या कापडी पिशवीचा तळ लोंबत होता. बाकी सगळी आकाशवाणी.

मी मागितलं होतं एवढंच: “पॅरासिटामॉल ६५०, एक स्ट्रिप.”

“ताप आहे का, मावशी?”

“नाही. कंबर.”

“मग ही कशाला? ही तापाची.”

“तापाचीच ती,” वरून दुजोरा आला.

हा आपला राष्ट्रीय घोळ आहे. आपण गोळ्या दुखण्याच्या नावानं ओळखतो: तापाची, सर्दीची, अंगदुखीची, डोक्याची. आत काय भरलंय याच्याशी आपलं देणंघेणं नाही. परिणामी व्हायरल झालेला धडधाकट माणूस दिवसात तापाची ६५० मिलिग्रॅमची गोळी तीनदा घेतो. नाक गळतंय म्हणून सर्दीची तीनदा. तिच्यात बऱ्याचदा ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. अंग ठणकतंय म्हणून अंगदुखीची दोनदा; तिच्यात आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅसिक्लोफिनॅकच्या जोडीला ३२५ पॅरासिटामॉल. बेरीज करा: १९५०, १५०० आणि ६५०. झाले ४१००. मोठ्या माणसाची २४ तासांची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम. वजन कमी असेल, यकृत आधीच कुरकुरत असेल किंवा रोजची ‘बैठक’ असेल तर त्याहून बरीच खाली. आणि हा गृहस्थ छातीवर हात ठेवून सांगणार, की मी कुठलीही गोळी तीनच्या वर घेतली नाही हो!

वर पॅरासिटामॉलचा स्वभाव गरीब गाईचा. पोटात जळजळ नाही, पित्त नाही, म्हणून ‘सोसते’ असं प्रशस्तिपत्र. यकृत ते औषध मोडताना थोडा विषारी भाग तयार होतो. तो निस्तरायला ग्लुटाथायोन नावाचा साठा असतो. मात्रा अती झाली की साठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरायला लागतात. पहिल्या दिवशी फार तर मळमळ. खरं दुखणं दिसतं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत मिळाला तर सर्वांत चांगला. म्हणजे जादा मात्रा पोटात गेल्याचं कळल्याबरोबर हॉस्पिटल गाठायचं. ‘बघू, त्रास झाला तर जाऊ’ हा हिशेब इथे चालत नाही.

आता एक गोष्ट नाइलाजानं कबूल करते. अचानक भरलेल्या कंबरेवर पॅरासिटामॉलचा उपयोग यथातथाच, जवळजवळ नाहीच म्हटलं तरी चालेल. तेवढ्यापुरते काका बरोबर होते. हेच मला जास्त झोंबलं. मग मी ती का मागत होते? कारण माझी बीपीची गोळी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड अशी जोडगोळी आहे आणि तिच्यावर पेनकिलर, म्हणजे आयब्युप्रोफेनच्या घराण्यातली गोळी, चढवायची माझी तयारी नव्हती. निदान काहीतरी घेतल्याचं समाधान तरी, एवढ्या माफक अपेक्षेनं मी आले होते. पण हे काटकोनातून, लोकांच्या पोटऱ्यांना उद्देशून, कसं समजावणार?

“यांना ती पिवळी दे,” काकांनी माझी केस हातात घेतली. “मी सांगतो ना. माझा चुलतभाऊ मेडिकल लाइनमध्ये आहे.”

“कुठे?” मी जमिनीला विचारलं.

“गोळ्यांची खोकी छापतो.”

मग त्यांनी पिशवीतून कॅमेऱ्याच्या रोलची जुनी डबी काढली. ती गुडघ्याच्या उंचीवर आली म्हणून मला दिसली. (रोलचे कॅमेरे गेले, डब्या राहिल्या, निम्म्या महाराष्ट्राचं औषधपाणी त्यांतच आहे.) आत सुट्ट्या गोळ्या, काही अख्ख्या, काही नखानं मोडलेल्या अर्ध्या. आणि काकांनी आपला दिनक्रम सांगायला घेतला. सकाळी आयब्युप्रोफेनवाली. रात्री डायक्लोफिनॅक. का, तर एकाच गोळीची सवय लागू नये! दोन्ही दुधाबरोबर, कारण ‘गरम पडतात’. त्याआधी पित्ताची गोळी, म्हणजे ‘मग काहीही पचतं’. शिवाय सकाळची बीपीची, रक्त पातळ करायची बारकी, आणि हल्ली पाय सुजायला लागले म्हणून लघवी होण्याची एक वाढवून दिलेली.

“पाय कधीपासून सुजतात?” मी विचारलं. मी तोपर्यंत त्या घोट्यांकडेच बघत होते, दुसरं बघण्यासारखं काही नव्हतंच.

“झाले तीन-चार महिने.”

“आणि पेनकिलर?”

“तीही तेव्हापासूनच. पण त्याचा काय संबंध?”

आयब्युप्रोफेन काय आणि डायक्लोफिनॅक काय, एकाच घराण्यातल्या. दोन घेतल्यानं आराम दुप्पट होत नाही, तोटा तेवढा वाढतो. त्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात: पाय सुजतात, बीपी चढतं, बीपीची गोळी निकामी वाटायला लागते. मग ती वाढते, लघवीची येते, आणि सगळ्याच्या मुळाशी असलेली पेनकिलर डबीत सुखरूप राहते, कारण तिची गोष्ट डॉक्टरांपाशी कोणी काढतच नाही. ‘काही औषधं चालू आहेत का?’ या प्रश्नात पेनकिलर धरायची असते हे लोकांच्या गावीच नसतं.

मूत्रपिंडाचं तर साधं नळाचं गणित आहे. आत रक्त आणणारी वाहिनी मोकळी ठेवणारी रसायनं पेनकिलर बंद पाडते. आतला नळ आवळला. टेल्मिसार्टनसारखी गोळी बाहेर जाणारी वाहिनी सैल सोडते. बाहेरचा नळ उघडा. लघवीच्या गोळीनं टाकीतलंच पाणी कमी केलं. आता गाळणीला दाब मिळणार कुठून? त्यात उन्हाळा, जुलाब-उलट्या किंवा कडक उपास असला तर विचारायलाच नको. पित्ताची गोळी जठराला थोडं सांभाळते, मूत्रपिंडाशी तिचं काही नातं नाही. दुधाचं तर कशाशीच नाही. पोटाला त्रास नको म्हणून इंजेक्शन घेणारेही असतात. औषध रक्तातून फिरून जठराचं अस्तर राखणारी तीच रसायनं बंद पाडतं, मग ते तोंडावाटे गेलं काय आणि कुल्ल्यावर टोचून गेलं काय!

आणि ती बारकी? हृदयासाठीची अ‍ॅस्पिरिन ७५. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसं आयब्युप्रोफेन रक्ताची गुठळी करणाऱ्या प्लेटलेटवरची अ‍ॅस्पिरिनची जागा आधी धरून बसतं. अ‍ॅस्पिरिन येते, सीट भरलेली बघते आणि अर्ध्या तासात गाडीतून उतरून जाते. आयब्युप्रोफेनही काही तासांनी उतरतं. प्लेटलेट मोकळ्या, माणूस बिनधास्त. साध्या, वेगळं आवरण नसलेल्या अ‍ॅस्पिरिननंतर निदान अर्धा तास थांबून आयब्युप्रोफेन घ्यावं असं सांगतात. आवरणवाल्या गोळीला तो हिशेबही लागू होत नाही. खरं तर अ‍ॅस्पिरिन चालू असणाऱ्यानं पेनकिलर परस्पर घ्यायचीच नाही. दोन्ही मिळून जठरात रक्तस्राव करतात तो वेगळाच.

“मला सगळं पचतं,” काका म्हणाले.

सगळं पचणारं आणखी एक होतं: गिधाड. सडलेलं मढं खाऊन ठणठणीत. पण गुरांना डायक्लोफिनॅक टोचलं, ती गुरं मेली आणि गिधाडांनी खाल्ली, तेव्हा मूत्रपिंडं निकामी होऊन गिधाडं पटापट झाडांवरून पडली. भारतातल्या तीन जाती नव्वद टक्क्यांहून जास्त घटल्या. २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद झालं. मग लोकांनी माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात न्यायला सुरुवात केली, म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरवर आणावी लागली. गिधाडांसाठी सरकार एवढं हललं. काकांच्या डबीपर्यंत कोणीच आलेलं नाही. माणसाच्या मूत्रपिंडाला गिधाडाइतका धोका नसतो, हे खरं. पण मला त्या क्षणी कोणाशी तरी तुलना करायचीच होती.

हे सगळं मी बोलले का? अर्धंसुद्धा नाही. तेवढ्यात डावीकडे एक चिखलानं माखलेली रबरी स्लिपर येऊन उभी राहिली. आवाज कोवळा: दोन दिवस ताप, डोळ्यांच्या मागे दुखतंय, अंग मोडून आलंय.

“याला माझीच सकाळची दे,” काका उत्साहानं म्हणाले. “ताप आणि अंग, दोन्ही एकात.”

इथे मात्र मी ओरडलेच. सप्टेंबर महिना, गल्लीत डबकी, आणि ही लक्षणं! डेंग्यूची शंका असेल तर आयब्युप्रोफेन नाही, अ‍ॅस्पिरिन नाही, डायक्लोफिनॅक नाही. प्लेटलेट आधीच उतरणीला लागलेल्या असतात, त्यात रक्तस्रावाला निमंत्रण. फक्त पॅरासिटामॉल: एका वेळी ५०० किंवा ६५०, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, दिवसात चारच्या वर नाही. भरपूर पाणी, आणि रक्त तपासायला डॉक्टरकडे. ताप उतरला पण पोट दुखायला लागलं, सारख्या उलट्या होऊ लागल्या किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. उतरत्या तापातच खरी मेख असते.

म्हणजे, तापाला तापाची गोळी द्या, एवढंच मी सांगत होते. आणि तेव्हा ते वाक्य आलं.

हशा ओसरल्यावर मुलानं माझ्या स्ट्रिपला कात्री लावली. मला दहा हव्या होत्या, त्यानं मधल्या चार कापल्या. औषधाचं नाव एका टोकाला, मुदतीची तारीख दुसऱ्या टोकाला, आणि दोन्ही टोकं दुकानात. माझ्या हातात चार पांढरी निनावी भुतं. २०२३ च्या ऑगस्टपासून तीनशे ब्रँडवर क्यूआर कोड आलाय, पण कात्री त्याच्यावरूनही फिरते. मी अख्खी स्ट्रिप मागून घेतली, तर मुलगा म्हणाला, “एवढ्या कशाला, तापच नाही तर?” वर हळूच एक वेगळं पाकीट सरकवलं: “ही एमआर घेऊन बघा.”

या अक्षरांवर तर माझा जुना राग आहे. पेनकिलरच्या नावापुढे ‘पी’ म्हणजे पॅरासिटामॉल, ‘एसपी’ म्हणजे सूज उतरवणारं म्हणून घातलेलं सेराशिओपेप्टिडेज, ‘एमआर’ म्हणजे स्नायू सैल करणारं औषध. तेच ‘एमआर’ डायबेटिसच्या ग्लिक्लाझाइडपुढे आलं की त्याचा अर्थ गोळी हळूहळू विरघळणारी, ती चावायची नाही की कुटायची नाही. दोन अक्षरं, दोन अर्थ, आणि ओळखायचं कोणी? आतला खरा मजकूर डासाच्या पायाएवढ्या इंग्रजीत छापतात. मागे चमकदार चांदी, तिच्यावर चमकदार अक्षरं. बहुतेक पाकिटांवर मराठीत एक अक्षर नसतं. लाल रेघ असते, चिठ्ठीशिवाय विकू नये म्हणून. डायक्लोफिनॅकवरही असते. गेल्या मंगळवारी त्या काउंटरवर ती रेघ दहा मिनिटांत तीन वेळा विनाचिठ्ठी ओलांडली गेली आणि तिघांतल्या एकालाही बिल मिळालं नाही. ब्रिटनमध्ये १९९८ पासून साधं पॅरासिटामॉलसुद्धा किराणा दुकानात एका खोक्यात १६ गोळ्यांपुरतंच मिळतं, औषधाच्या दुकानात ३२. इथे सुट्टे नसले तर दोन रुपयांऐवजी गोळी मिळते. मला खोकल्याची मिळाली. खोकला नव्हता.

स्लिपरवाल्या मुलानं शेवटी काय घेतलं ते मला दिसलं नाही. काउंटर माझ्या डोक्याच्या वर होतं.

एमआर मी परत केली. घरी गरम पाण्याची पिशवी, पंधरा-वीस मिनिटांचा शेक. जेल लावलं ते शेकाच्या वेळी नाही, कातडी निवल्यावर; गरम कातडीतून औषध जास्त शिरतं आणि भाजल्यासारखं होतं ते वेगळं. झोपून राहिले नाही, घरात काटकोनात फिरत राहिले, कारण पडून राहिलं की उसण जास्त दिवस मुक्काम करते. चौथ्या दिवशी माझा कोन बराच उघडला. सहाव्या दिवशी मी ताठ.

काल मुद्दाम त्याच मेडिकलवर गेले. काकांना गाठून त्या डबीबद्दल दोन शब्द सांगायचे होते, डॉक्टरांना ती उघडून दाखवा आणि मूत्रपिंडाची खबर देणारं रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या, एवढंच. काउंटरशी पाच-सहा जण उभे होते. सगळ्यांचे चेहरे आता व्यवस्थित दिसत होते आणि त्यामुळेच काका कोणते ते कळेना. तिघांच्या हातात कापडी पिशव्या, तिघांचा आवाज सारखाच ठाम. शेवटी चपलेचा पट्टा नीट करायच्या निमित्तानं मी खाली वाकले आणि मोजे शोधायला लागले.

“मावशी, परत भरली ना?” मुलगा वरून ओरडला. “म्हटलं होतं तुम्हाला, ती तापाची आहे!”