'मधपाणी ओता आणि महिनाभर विसरा' : मुंग्यांच्या फीडरबद्दलचा एक चुकीचा सल्ला

मुंग्या पाळणाऱ्यांमध्ये फीडरबद्दल, म्हणजे मुंग्यांना गोड द्रव पाजायच्या भांड्याबद्दल, एक सल्ला फार फिरतो. बाटलीच्या झाकणात मधपाणी ओता, मुंग्या त्यात बुडत नाहीत. मध नासत नाही, त्यामुळे बदलायची कटकट नाही. झाकण नको असेल तर भोक पाडलेली बाटली उलटी लावा, आत निर्वात असल्याने ती गळत नाही. आणि एवढं दिलं की वेगळं पाणीही लागत नाही. यातलं एकही वाक्य जसंच्या तसं टिकत नाही.

"मुंग्या बुडत नाहीत."

ताज्या, पातळ पाण्यावर मुंगी तरंगते खरी. पण उघड्या झाकणातलं पाणी उडत जातं आणि एक-दोन दिवसांत मागे चिकट पाक उरतो. काठावरच्या मुंगीला मागची गर्दी पुढे रेटते, पाय रुततात आणि पाक अंगावर चढला की शरीराच्या बाजूंची श्वासाची छिद्रं बुजतात. बऱ्याच मुंग्या स्वतःच द्रवात कचरा टाकतात. ॲफेनोगॅस्टर प्रजातीतल्या तर टाकलेले कण भिजले की उचलून घरट्यात नेतात. मुंग्या पाकात रुतू नयेत म्हणून, झाकणच वापरायचं असेल तर ते आधी धुतलेल्या बारीक खड्यांनी भरा आणि द्रव खड्यांच्या माथ्याखालीच ठेवा.

"मध नासत नाही."

बरणीतला नाही नासत. त्यात पाणी साधारण १७-१८ टक्केच असतं, तेवढ्यात यीस्टचं फावत नाही. एका भाग मधात तीन भाग पाणी घातलं की हे संरक्षण गेलं. उबदार जागी दोन-तीन दिवसांत बुडबुडे आणि आंबूस वास येतो. उकळून घेतलं तरी पहिल्या मुंगीचं तोंड लागेपर्यंतच ते निर्जंतुक. त्यापेक्षा साधी साखर बरी: २० ग्रॅम साखर, ८० मिली पाणी. उरलेलं फ्रिजमध्ये ठेवा, फीडरमधलं तिसऱ्या दिवशी फेकून द्या. साखरपाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा मात्र रोज बदला, बुरशी आधी त्यालाच धरते.

"उलटी बाटली गळत नाही."

सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. आत निर्वात नसतो, हवा असते. द्रव अडून राहतो तो बाहेरच्या हवेचा दाब आणि भोकापाशी असलेला पृष्ठताण (द्रवाचा पृष्ठभाग ताणून धरणारं बल) यांच्या जोरावर. आतली हवा तापली की फुगते आणि द्रवाला बाहेर ढकलते. २० मिली हवा १० अंशांनी तापली तर सुमारे ०.७ मिली द्रव खाली येतो, म्हणजे चौदाएक थेंब. छोट्या वसाहतीसाठी ते तळंच. आंबलेल्या मधपाण्यातून निघणारा वायूही हेच करतो. निम्मी भरलेली मोठी बाटली म्हणूनच सर्वांत वाईट.

त्याऐवजी ५ मिलीची, घट्ट झाकणाची प्लास्टिकची कुपी घ्या. झाकणाच्या मधोमध तापवलेल्या सुईने एकच भोक पाडा, तुमच्या सर्वांत लहान कामकरी मुंगीच्या डोक्याहून अरुंद. मध्यम आकाराच्या जातींना ०.५ ते ०.८ मिमी चालतं. दोन भोकं पाडली आणि कुपी जराशी कलली, तर वरच्या भोकातून हवा आत आणि खालच्यातून द्रव बाहेर. वितळलेल्या प्लास्टिकची उभी राहिलेली कड पॉलिश पेपरने घासून सपाट करा, नाहीतर तोंड द्रवापर्यंत पोचत नाही. कुपी काठोकाठ भरा, उलटी करा आणि खाली मुंगी उभी राहून तोंड वर लावू शकेल एवढं अंतर ठेवून टेकवा.

आत ठेवण्याआधी कुपी मिनिटभर मुठीत धरा. भोकाशी थेंब जरा फुगून थांबला तर ठीक. सुटून पडला तर आत हवा जास्त आहे किंवा झाकण सैल आहे. धुताना साबण राहिला असेल तरीही हेच होतं, कारण साबणाने पृष्ठताण घटतो.

"वेगळं पाणी लागत नाही."

लागतं. पाण्याची टेस्ट ट्यूब वेगळी हवी, आणि अळ्यांच्या वाढीसाठी मारलेले किडे हवेत. साखरेत प्रथिनं नसतात.

फीडर चालतोय का, हे कुपीतल्या पातळीवरून ठरवू नका, थोडं पाणी भोकातूनही उडतं. परतणाऱ्या मुंगीचं पोट पाहा. भरपूर प्यायली असेल तर पोटावरचे गडद पट्टे एकमेकांपासून दूर सरकलेले असतात आणि मधली फिकट, अर्धपारदर्शक त्वचा ताणलेली दिसते.