काकू, सोडा काकांच्या रक्तात आधीच जास्त आहे

रविवारी काकूंचा फोन. ‘अगं, ह्यांच्या रिपोर्टात पीएच ७.३३ आलाय. रक्त आम्ल झालंय. तीन दिवस झाले, लिंबूपाण्यात चमचाभर खायचा सोडा देतेय.’ आधार काय, तर फॅमिली ग्रुपवरचा फॉरवर्ड: सगळे आजार आम्ल रक्तातून होतात, अल्कलाइन रक्तात कॅन्सर जगत नाही, यावर नोबेल मिळालंय, डॉक्टर हे सांगत नाहीत.

डॉक्टर सांगतात हो, कागद पूर्ण वाचला तर! एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्तातले वायू आणि आम्लता मोजणारी ही तपासणी, एका आकड्यावर वाचत नाहीत. पीएच ७.३५ ते ७.४५ हवा, काकांचा जरा खाली आहे, मान्य. पण का? त्याच कागदावर कार्बन डायऑक्साइड ६० आहे, हवा ३५ ते ४५. काकांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे, फुप्फुसं तो बाहेर टाकू शकत नाहीत. आम्ल तिथून येतंय, जेवणातून नाही. त्याखाली बायकार्बोनेट ३१. हवं २२ ते २६. हे बायकार्बोनेट म्हणजेच तुमचा सोडा, काकू. कार्बन डायऑक्साइड बरेच दिवस चढा राहिला, की आम्लाचा तोल सांभाळायला त्याच्या दर १० मागे मूत्रपिंडं साधारण साडेतीन बायकार्बोनेट वाढवतात. ४० चे ६० झाले, २४ चे ३१. हिशेब चोख जुळतो. त्यावर आणखी सोडा ओतला, तर मेंदूची श्वासाची ओढ मंदावते आणि कार्बन डायऑक्साइड अजून साचतो. शिवाय सपाट चमच्यात सव्वा ग्रॅम सोडियम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात २ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. काकांचे पाय आधीच सुजलेले.

नोबेलचं म्हणाल तर ओटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाला १९३१ साली ते मिळालं श्वसनाच्या विकराच्या (एन्झाइमच्या) शोधासाठी, अल्कलाइन रक्तासाठी नाही. नोबेलच्या संकेतस्थळावर एका ओळीत लिहिलंय, वाचायला अर्धा मिनिट लागतं. कॅन्सरच्या गाठीभोवती आम्लता असते खरी, पण ती गाठच तयार करते.

लिंबाने लघवी अल्कलाइन होते, हे खरं. रक्ताचा पीएच मात्र जागचा हलत नाही. मूत्रपिंडाच्या काही रुग्णांना सोड्याच्या गोळ्या देतात, हेही खरं. त्यांचं बायकार्बोनेट घसरलेलं असतं म्हणून. काकांचं चढलंय.

सोडा आजच बंद करा आणि तीन दिवस दिल्याचं डॉक्टरांना सांगा. काका सकाळी डोकं दुखतंय म्हणाले, दिवसा पेंगले, बोलताना गोंधळले, तर मला फोन करत बसू नका, थेट दवाखान्यात न्या.