‘४५ मिनिटांचे पैसे आणि २० मिनिटांचा खेळ’ या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय वाचला. डोळ्यांवर बांधायच्या आभासी वास्तवाच्या (व्हीआर) हेडसेटमधून मुलांकडून लक्ष टिकवण्याचा सराव करून घेणाऱ्या आमच्या केंद्रात हेडसेट काढल्यावर आपल्या मुलाला मळमळले आणि निघताना आपल्याशी सविस्तर बोलणे झाले नाही, या दोन्ही गोष्टींबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. मात्र ‘४५ मिनिटांचे ८०० रुपये घेतात आणि मुलाला जेमतेम २० मिनिटे खेळवतात’ हे आपले वाक्य आल्यापासून चार दिवसांत तीन पालकांनी नोंदणी रद्द केली. तेव्हा त्या २० मिनिटांविषयी लिहिणे मला भाग आहे.

आमच्याकडे हेडसेट डोळ्यांवर राहतो तो २० मिनिटेच, तोही दहा-दहा मिनिटांच्या दोन भागांत, मध्ये पाच मिनिटांची विश्रांती देऊन. सुरुवातीची १० मिनिटे पट्टा आवळणे, भिंगांतले अंतर मुलाच्या डोळ्यांशी जुळवणे आणि काय करायचे ते समजावणे यांत जातात. शेवटची १० पालकांशी बोलण्यासाठी राखलेली असतात. हेडसेटचे वजन सुमारे अर्धा किलो आहे. अकरा वर्षांच्या मुलाच्या मानेवर तो पाऊण तास ठेवून मी आपले पैसे वसूल करून द्यावेत, अशी आपलीही इच्छा नसावी. हे सारे पावतीच्या मागे छापलेले आहे. (आता पुढच्या बाजूला छापावे लागेल, असे दिसते.)

आपली वेळ रविवारी ५ ची होती आणि आपण ५ वाजून २० मिनिटांनी आलात. राजवाड्याकडे गर्दी होती असे आपण म्हणालात. रविवारी संध्याकाळी रामबागेत पोहोचणे किती जिकिरीचे असते, हे जन्माने इंदूरकर असलेल्या मला कुणी सांगायला नको. परंतु पट्टा आवळत असताना आपल्या मुलानेच मोठ्या आनंदाने सांगितले की ‘छप्पन दुकान’ या खाऊगल्लीत हॉटडॉग झाला आणि वर शिकंजीही झाली. पावणेसहाला पुढचे मूल येणार होते. हाती उरलेल्या २५ मिनिटांत मी हेडसेटची २० मिनिटे पूर्ण दिली, पण त्यासाठी मधली विश्रांती गाळली, आणि ती चूक माझी आहे. डोळ्यांना हालचाल दिसते आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मात्र शरीर स्थिर असल्याचे सांगतो, त्या विसंगतीतून मळमळ होते. म्हणूनच आम्ही धावपळीचे खेळ ठेवलेले नाहीत. मूल खुर्चीवर बसून फक्त मान वळवते. तरीही भरल्या पोटी त्रास वाढू शकतो.

‘असे खेळ मोबाइलवर फुकट मिळतात’ असेही आपण लिहिले आहे. आमच्या हेडसेटमध्ये मुलासमोर शाळेचा एक वर्ग असतो, फळ्यावर एकेक अक्षर येते, आणि ‘ए’ नंतर ‘एक्स’ आले तरच बटण दाबायचे असते. तेवढ्यात खिडकीबाहेरून गाडी जाते, कुणी कागदी विमान सोडते. अशा आभासी वर्गाची कल्पना अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट रिझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. आम्ही त्याच धर्तीवर सराव घेतो. मूल विचलित होऊन पुन्हा फळ्याकडे कसे वळते, हेच पाहायचे असते. आपण मात्र मुलाला दिसते तेच दाखवणाऱ्या टीव्हीवर ती अक्षरे पाहून मागून ‘अरे, दाब आता!’ असे सांगत होता, आणि एकदा तेथेच उभे राहून फोनही घेतलात. त्या दहा मिनिटांचे गुण मुलाचे की आपले, हे मला खरोखर सांगता येत नाही.

धाकट्या मुलीला हेडसेट दिला नाही तो कंजूषपणाने नव्हे. ती सात वर्षांची आहे आणि आमच्या हेडसेटच्या कंपनीने किमान वय १० सांगितले आहे. ‘दोन वेळा येऊन काही फरक नाही’ याबाबत एवढेच, की एडीएचडीचे (लक्ष टिकवण्यातील अडचण आणि अतिचंचलता यांचे) निदान आणि औषध हे डॉक्टरांचे काम आहे आणि आम्ही बरे करण्याचे आश्वासन कधीच दिलेले नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने जून २०२० मध्ये एडीएचडी असलेल्या ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी एका व्हिडिओ गेमला परवानगी दिली, तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि इतर उपचारांच्या जोडीने.

वेळेच्या नियोजनात योग्य त्या सुधारणा लवकरच करण्यात येतील. आपल्यासाठी एक सत्र विनाशुल्क राखून ठेवले आहे. रविवार सोडून कोणताही दिवस कळवावा, आणि मुलाचे खाणे तासभर आधी झालेले असावे, ही विनंती.

आपला,
संचालक