भाकरीपेक्षा कागदी पट्टी बरी
अपूर्णांक शिकवण्यासाठी एका लेखात भाकरीचं चित्र सुचवलंय. अर्धा-पाव ठीक, पण गोलाचे तीन सारखे भाग पाचवीतल्या मुलांना हाताने जमत नाहीत, आणि भाग असमान झाले की सगळंच फसतं. त्यापेक्षा २४ सेंमी लांबीच्या कागदी पट्ट्या कापा. १/२ म्हणजे १२ सेंमी, १/३ म्हणजे ८, १/४ म्हणजे ६, १/८ म्हणजे ३. मोजमापाचा सरावही त्यातच होतो. (फूटपट्टी शून्याच्या रेघेपासून लावायची, कडेपासून नाही; ही चूक हमखास होते.) १/३ + १/४ = २/७ लिहिणाऱ्याला दोन्ही तुकडे जोडून मोजायला लावा: १४ सेंमी. पट्टीचा २/७ भाग तर ७ सेंमीही भरत नाही, म्हणजे एकट्या १/३ हूनही लहान!

भागाकारात खरी गोम बाकीची. ३/४ ÷ १/३ म्हणजे १८ सेंमीत ८ सेंमीचे तुकडे किती? दोन, आणि २ सेंमी उरतात. बरीच मुलं इथे २ पूर्णांक १/१२ लिहितात, कारण उरलेला तुकडा ती अख्ख्या पट्टीशी ताडून बघतात. तो ताडायचा ८ सेंमीच्या तुकड्याशी. त्याचा तो पाव भाग, म्हणून उत्तर २ पूर्णांक १/४. ‘भाजक उलटा करून गुणा’ हा नियम त्यानंतरच सांगावा.