बर्फात एक्स्पोजर प्लस की मायनस? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचं म्हणणं असं की बर्फ आधीच एवढा झगझगीत, त्यात मी लेखात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) +1.5 करायला सांगतो म्हणजे फोटो जळणारच, नुसता पांढरा होणार, आणि गुलमर्गला तुमचे स्कीइंगचे फोटो तसे जळले पण, त्यापेक्षा मायनस करा आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, नंतर उजळून घ्या.

एक गोष्ट तुमची खरी आहे, लख्ख उन्हात बर्फाला नेहमीपेक्षा कमीच एक्स्पोजर लागतं. साध्या उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 200 ला एफ/8 (लेन्सचं छिद्र) वर 1/800 सेकंद शटर चालतं, तिथे बर्फात 1/1600, म्हणजे एक स्टॉप कमी, उजेड निम्मा. पण कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर तेवढ्यावर थांबत नाही ना! त्याला समोरचं सगळं मध्यम करडंच वाटतं, म्हणून तो अजून दीड-दोन स्टॉप खाली खेचतो आणि बर्फ राखेसारखा दिसतो. +1.5 हे मीटरनी जास्तीचं कापलेलं परत देण्यासाठी आहे.

मग तुमचे का जळले? माझ्या अंदाजाने चूक माझ्या लिहिण्यात आहे. मी स्वतः गुलमर्गच्या वरच्या कोंगडोरीला हे बघितलंय, काळ्या जॅकेटमधला स्कीअर लांब होता तोवर +1.5 ला बर्फ मस्त, स्कीच्या रेघासुद्धा दिसत होत्या, तो जवळ येऊन फ्रेम भरली तसं मीटरनी काळं जॅकेट बघून आपणहून उजेड वाढवला, वर माझे दीड स्टॉप, आणि त्याच्या मागे उडालेला बर्फाचा भुगा म्हणजे नुसता पांढरा डाग. +1.5 फक्त फ्रेममध्ये बर्फच बर्फ असेल तेव्हाच, हे मी स्पष्ट लिहायला हवं होतं, आज लेखात टाकतो.

म्हणून पळत्या माणसासाठी सरळ मॅन्युअल, म्हणजे एक्स्पोजर आपणच ठरवायचं. ऑटो आयएसओ बंद, नाहीतर मॅन्युअलमध्ये पण कॅमेरा तोच खेळ करतो. उन्हातल्या बर्फाचा एक फोटो काढा, स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, त्या उजेडात सगळंच अंधारं वाटतं, हिस्टोग्राम (फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा आलेख) बघा, त्यातला डोंगर उजवीकडे, उजळ बाजूला, जाऊ दे पण उजव्या भिंतीला चिकटायला नको.

रॉबद्दल मात्र नाही पटलं. जळलेलं परत येत नाही हे खरं, पण दोन स्टॉप अंधारात काढून उजळलं की हेल्मेटखालच्या चेहऱ्यात नॉइज, म्हणजे दाणे दाणे, येतो, आणि मला तो चेहराच हवा असतो. उन्हावर ढग आला की मात्र लगेच परत मोजा, मॅन्युअलमध्ये तेवढं लक्ष ठेवावंच लागतं.